धक्कास्टार्ट

टपाच्या कोपऱ्यात फुगा आला होता. चुलतभावाने चावीच्या टोकाने तो उचकटला, तशी क्रीम रंगाची खपली तळहाताएवढी सुटून आली. खाली करडा प्रायमर, आणि प्रायमरच्याही खाली पिवळा. आंब्याचा नव्हे, हळदीचा नव्हे. मुंबईतल्या टॅक्सीच्या टपाचा असतो तो, जरा मळका, लांबून हात करावासा वाटणारा पिवळा. विहिरीला पाणी लागल्यासारखा चेहरा करून भाऊ म्हणाला, "ताई, आहे बघ खाली. सगळा शाबूत आहे."

गाडी काकांची. १९७८ची प्रीमियर पद्मिनी. घरात मात्र तिला कोणी पद्मिनी म्हटलं नाही, फियाटच म्हटलं. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर कंपनी, आराखडा इटलीचा, आणि सत्तरच्या दशकात मोटारीचं बारसं नव्याने झालं तरी लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. त्याआधीच्या गोल पाठीच्या मॉडेलला तर मुंबईकर सरळ डुक्कर फियाट म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे, पण डुक्करच म्हणायचे.

काका गिरगावात टॅक्सी चालवायचे. बँकेचं कर्ज काढून घेतलेली गाडी, कर्ज फिटेपर्यंत कुणाची आणि फिटल्यावर कुणाची, हे त्यांनी कधी विसरू दिलं नाही. १५ वर्षं चालवली आणि १९९३ साली परमिटचं काय ते बघून, गाडी खाजगी पासिंग करून ते तिच्यासकट गावी आले. गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. येताना खेडला आठ दिवस मुक्काम ठोकला आणि तिथल्या गॅरेजात गाडीला क्रीम रंग मारून घेतला. त्या काळी डॉक्टर, इंजिनिअर, झालंच तर आंब्याचे बडे व्यापारी क्रीम रंगाची फियाट ठेवत. मीटर काढून टाकलं. बॉनेटच्या डाव्या कडेला त्याची भोकं राहिली होती ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली. अजून बोट फिरवलं तर चार गुठळ्या हाताला लागतात.

काका गेले त्याला आता १० वर्षं होतील. गाडी त्याच्याही आधीपासून पडवीच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली. चाकांतली हवा गेलेली, मागच्या सीटवर एकदा मांजर व्यायलेली, तळाचा पत्रा खाऱ्या हवेने इतका खाल्लेला की ड्रायव्हरच्या पायाखालून अंगण दिसतं. भावाने घराच्या मागच्या वाडीत चार खोल्यांचं होम-स्टे काढलंय. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, माशांचं ताट जेवतात, झोपाळ्यावर बसून फोटो काढतात. त्याला गाडी पुढच्या अंगणात मांडायची होती. काळी-पिवळी करून.

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपताना शहराच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी संपली. तेव्हापासून तिच्यावर अचानक सगळ्यांचं प्रेम बसलंय. टी-शर्टवर ती, फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकावर ती, कॉफीच्या मगावर ती. रस्त्यावर होती तोवर हेच लोक तिच्या काचा वर होत नाहीत म्हणून कुरकुरत होते. मीही त्यातलीच.

भावाने मुंबईतून जुनं मीटरसुद्धा पैदा केलं. लोखंडी, जड, बाजूला झेंड्यासारखी पट्टी असलेलं. मी ते हातात घेऊन पट्टी खाली पाडली तर आतून खणखणीत 'टिंग' झालं आणि खिडकीत १.०० आलं. विशीतल्या मुलांना हे सांगावं लागतं की हा आकडा म्हणजे भाडं नव्हे. मीटर म्हणायचं एक आणि द्यायचं दुसरंच. ड्रायव्हरकडे मळकं टॅरिफ कार्ड असायचं, त्यात बोट फिरवून खरा आकडा काढायचा. काकांचं कार्ड मात्र डोक्यात असायचं. पाढे म्हणावेत तसं ते म्हणून दाखवत.

रंगाची गोष्ट काकीपर्यंत गेली नव्हती. तिचं पुढे येतंच आहे.

---

मी गाडी शिकले ती याच फियाटवर, १९९६च्या मे महिन्यात. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्याला आम्ही हँडगिअर म्हणायचो. चार गिअर कुठे कुठे ते हाताला कळायचं, तोंडाने सांगता यायचं नाही. पुढची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे शिकवणारा, शिकणारी आणि त्यांच्यामध्ये कोण बसायचं यावरून भांडणारी दोन भावंडं सगळी एका रांगेत. इंजिन १०८९ सीसीचं. आजची हॅचबॅक तिच्याहून दुप्पट ताकदीची असेल. पण तेव्हा गावात चारचाकी म्हणजे ही एक, आणि पंचायत समितीची जीप दिसली तर दिसली.

जीपवरून आठवलं. आज जिला शौकाची गाडी म्हणतात तिचा आमच्याकडे शौकाशी काडीचा संबंध नव्हता. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आल्या तशी ती बीडीओच्या, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याच्या, बुडाखाली गेली. 'जीप आली' याचा अर्थ सरकार आलं. फवारणीवाले, कुटुंब नियोजनवाले, वसुलीवाले. पोरं पाठीमागे धावायची आणि मोठी माणसं मागच्या दाराने वाडीत जायची. आज त्याच घराण्याची थार अंगणात उभी राहते, आतून हाफ पँटमधला मुलगा उतरतो आणि "इथे सोलकढी मिळेल का" म्हणून विचारतो. काकी अजून आधी दोन पावलं मागे सरते, मग हसते.

तर फियाट. कशेडी घाटात ती हमखास बंद पडायची. बिघाड नसायचा, घाम फुटायचा. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला. मे महिन्याची दुपार, पुढे एसटी, तिच्यापुढे ट्रक, सगळी मुंगीच्या पावलांनी चाललेली. इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप बिचारा वाफच ओढत बसायचा, कार्बोरेटरपर्यंत थेंब जायचा नाही. इंग्रजीत त्याला व्हेपर लॉक म्हणतात, काका म्हणायचे, "तिला उचकी लागली." मग बॉनेट वर, काकांच्या खांद्यावरचा पंचा पाण्यात बुडवून पंपावर गुंडाळायचा, वर तांब्याने धार धरायची. पंच्यातून वाफ निघायची, लोखंड चरचरायचं, आणि आम्ही दगडावर बसून करवंदं खायचो. दहा मिनिटांनी ती निघायची. पंचा मात्र पंपावरच राहायचा. पुढे खेडपर्यंत सगळ्या गाडीला ओल्या कापडाचा आणि पेट्रोलचा एक मिश्र वास. तो वास मला अजून सुट्टीचा वाटतो.

आता कशेडीला बोगदा आहे. पाच-सात मिनिटांत माणूस पोलादपूरकडून खेडच्या बाजूला निघतो. करवंदं वर घाटात राहिली.

पावसाळ्यात वेगळं दुखणं. बॅटरी उतरायची. काका गाडी नेहमी देवळापुढच्या उतारावर, तोंड खाली करून लावायचे ते त्यासाठीच. तरी पुष्कळदा उतार पुरायचा नाही आणि मग धक्का. सकाळी सातला मासे आणायला निघालेली माणसं, शाळेची पोरं, देवळात घंटा वाजवायला आलेला गुरव, जो दिसेल तो मागे लागायचा. काका दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच दाबून बसायचे. गाडीने पुरेसा वेग धरला की मागून कोणीतरी ओरडायचं, "सोडा!" काकांनी क्लच सोडला की चाकं इंजिनाला फिरवायची, गाडी एक गचका खाऊन खोकायची, धुराचा एक ढग धक्का देणाऱ्यांच्या तोंडावर, आणि निघाली. जे धक्का देत तेच नंतर तीत बसत. बाळंतीण दापोलीला न्यायची असो, नवरी आणायची असो की दहावीचा पेपर. पैसे कोणी विचारले नाहीत आणि काकांनी सांगितले नाहीत. पेट्रोल भरून दिलं तर नको म्हटलं नाही. १५ वर्षं मीटर टाकणाऱ्या माणसाचं हे मला फार नवल वाटायचं. एकदा विचारलंसुद्धा. "मीटर काढलं ना," एवढंच म्हणाले.

---

मोठ्या गाड्यांना नावं ठेवायची आता एक पद्धत पडली आहे. मला ते जमत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११च्या सुमारास सुरुवात झाली, आणि मधल्या वर्षांत ज्याने पावसाळ्यात त्या रस्त्याने चिपळूण गाठलं असेल त्याने थारच्या २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सला चैन म्हणू नये. गेल्या दिवाळीत भाचीच्या नवऱ्याची स्कॉर्पिओ-एन मी परशुराम घाटातून चालवली. इतक्या उंचावर बसल्यावर खड्डा खाली कुठेतरी दुसऱ्याच्या आयुष्यात येतो आणि जातो. मला आवडलं. खोटं कशाला बोलू?

पण आमच्या गावात ती गाडी घरापर्यंत येत नाही. पाखाडीच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये सात फूट वाट. फियाटची रुंदी पावणेपाच फूट. ती यायची आणि शिवाय बाजूने एक माणूस डोक्यावर भारा घेऊन जायचा. फॉर्च्युनरची रुंदी १८५५ मिलिमीटर, म्हणजे सहा फूट एक इंच, आणि वर दोन कानांसारखे आरसे. पहिली फॉर्च्युनर आली तेव्हा भावाने पुढे उलटा चालत, दोन्ही हातांनी खुणा करत ती आणली, विमान लावतात तशी. वळणावर अडकलीच. मालक सभ्य होता, म्हणाला मी खाली ठेवतो. भावाला ते लागलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने गडग्याचा कोपरा पाडला. आजोबांच्या हाताचा कोरडा रचलेला गडगा, चुन्याचं बोट नव्हतं त्यात. चिरे काढताना खालून दोन विंचू आणि कुणाचा तरी गोटी-सोड्याचा निळा मणी निघाला. मणी माझ्याकडे आहे.

या जानेवारीत सात गाड्या एकदम आल्या. पुण्याची मंडळी, सगळी गाड्यांची शौकीन. दोन थार, एक थार रॉक्स, दोन फॉर्च्युनर, एक नवी सफारी आणि एक अशीच भलीमोठी. मला वाटलं होतं, नुसता आवाज करतील. तसं नव्हतं. त्यातला एक तिशीचा मुलगा फियाटच्या शेडकडे गेला, वाकून खाली बघितलं, मागचे स्प्रिंगचे पाटे हाताने चाचपले आणि मला म्हणाला, "मावशी, इंजिन जाम आहे की फिरतं?" हा प्रश्न बघ्याचा नव्हे. मी त्याला म्हटलं, मेस्त्रींनी चार वर्षांपूर्वी प्लग काढून आत तेल सोडलं होतं, तेव्हा फिरत होतं. त्याला जो आनंद झाला तो मला काकांच्या तेराव्याला आलेल्या माणसांत दिसला नव्हता.

त्यानेच मला कायदा सांगितला. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेली, फारशी फेरफार न केलेली मोटार व्हिंटेज धरतात. नंबर वेगळा मिळतो, त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आमची १९७८ची, म्हणजे २०२८ला ती पन्नाशीत येईल. भाऊ लगेच हिशेबाला लागला. पण पुढचं वाक्य त्या मुलाने हळू सांगितलं. ती गाडी मग रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे मान मिळेल, पण दापोलीच्या बाजाराला जाऊन कोथिंबीर आणायची नाही. दुसरा रस्ता साध्या नूतनीकरणाचा. २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५पासून त्याचे १०,००० रुपये, शिवाय तपासणीत पास व्हायचं. तळाला भोक असलेली गाडी कोण पास करणार?

त्यावर मला कोल्हापूरची मेबॅक आठवली. छत्रपती राजाराम महाराजांची ती भगव्या रंगाची जर्मन मोटार एरवी न्यू पॅलेसमध्ये असते, पण दसऱ्याला बाहेर पडते, स्वतःच्या चाकांवर दसरा चौकात येते. मी लहानपणी आत्याच्या खांद्यावर बसून ती बघितली आहे. गर्दी मोटारीला नमस्कार करत होती. एवढ्या वर्षांत मला तिच्याबद्दल कुणी मेबॅकचे सिलिंडर किती हे सांगितलं नाही, पण ती यंदा आली का हे मात्र दर दसऱ्याला कोणीतरी विचारतंच. माझ्या मते जुन्या मोटारीला काचेच्या खोलीपेक्षा असा एक दिवस बरा. वर्षातून एकदाच पण चालत जायचं, आणि लोकांनी वाट द्यायची.

नव्या गाड्यांचंही गंमतशीरच आहे. त्यांना जुनं दिसायचं असतं. टाटांनी १९९८ची सफारी २०२१मध्ये परत आणली, १९९१ची सिएरा २०२५मध्ये. जुन्या सिएराला तीन दरवाजे आणि मागे टपापर्यंत वळत गेलेली काच. नवीला पाच दरवाजे, तरी त्या काचेचा भास राहावा अशी रचना. थार तर जन्मतःच आजोबांसारखी दिसते. नात्यातला तोंडवळा जपावा तसं जपलंय. आणि कुठेही जाईन म्हणणाऱ्या याच गाड्या २०२५च्या गणपतीत कोकण रेल्वेच्या मालगाडीवर बसून कोलाडहून गोव्याच्या वेर्ण्याला जाऊ शकत होत्या, मोटारीला ७,८७५ रुपये. त्यात हसण्यासारखं काही नाही. महामार्ग ज्यांनी बघितलाय त्यांना तरी नाही.

---

दुपारी मंडळी पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, गाड्या घालायच्या गोष्टी करू लागली. काकी पडवीत तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "आज तिथी काय?" कोणालाच माहीत नव्हती. मी कालनिर्णय बघून सांगितलं, नवमी. "म्हणजे पावणेसातला भरती," काकी म्हणाली आणि परत सुपात खडे शोधू लागली.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. नवाची पाऊणपट पावणेसात. अष्टमी असती तर सहा. सहा तास मागे जा, ओहोटी. मिनिटाला मिनिट नाही जुळत, पण होडी लोटायला आणि कालवं काढायला पिढ्यान्पिढ्या पुरलंय. त्या थारवाल्या मुलाने ते लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. भल्यामोठ्या गाडीवाल्याने नाही टिपलं. साडेचारला तो खाली उतरला.

आधी एक सांगते, कारण ते सांगायला हवंच. पुळणीवर गाडी घालूच नये. नोव्हेंबर ते मार्च हा कासवांचा काळ. वेळासला, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री येऊन अंडी घालतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. चाकाने वाळू दाबली गेली की घरटं दबतं, आणि उरलेल्या चाकोऱ्या त्या तळहाताएवढ्या पिल्लांना दरीसारख्या असतात. वेळासची माणसं २००६पासून महोत्सव भरवून पिल्लं समुद्रात जाताना दाखवतात, ते सगळं एका हौशी गोल चक्करसाठी तुडवायचं? मी बोलले. त्याने "हो हो" केलं आणि गेला.

गाडी दिसायला राक्षस, पण ओढणारी चाकं फक्त पुढची दोन. एसयूव्ही म्हटलं की चारही चाकं ओढतात असं पुष्कळांना वाटतं. टायरमध्ये रस्त्याची ३३ची हवा तशीच. वाळूत ती निम्म्यावर आणायची असते, म्हणजे टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं, उंटाच्या पायासारखं. पाण्याच्या कडेची ओली वाळू फरशीसारखी घट्ट दिसते आणि तिथेच फसवते. तो थांबला, समुद्राचा फोटो काढला, परत निघायला ॲक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं जागच्या जागी फिरली आणि दोन मिनिटांत पुढचा बंपर वाळूला टेकला. त्याने आणखी दाबला. कोणीही तेच करतं.

एका थारने पट्टा लावून ओढून बघितलं; तिच्याही चाकांखाली वाळू उडायला लागली, तिने शहाण्यासारखा नाद सोडला. ट्रॅक्टर वरच्या वाडीत भात झोडायच्या मशीनला जुंपलेला. साडेपाच वाजले. पाण्याची जीभ मागच्या टायरला लागून परत जायला लागली. गाडीमालकाने एव्हाना बायकोला फोनवर "काही नाही, मजेत आहे" सांगितलं होतं, ते ऐकून मला त्याची कीव आली.

शेवटी कोळी आले. होडी किनाऱ्यावर ओढताना खाली घालतात ते लाकडी ओंडे त्यांनी आणले, त्यातले दोन पुढच्या चाकांखाली सरकवले. टायरची हवा काडीने सोडली. जाड दोर पुढच्या कडीला. एक म्हातारा बाजूला उभा, त्याच्या हातात काही नाही, त्याचं काम फक्त वेळ सांगायचं. लाट मागे गेली की तो हात वर करायचा आणि पंचवीस माणसं एका दमात. आम्ही मागे लागलो. भाऊ, मी, दोन फॉर्च्युनरचे मालक बूट हातात घेऊन, होम-स्टेची स्वयंपाकीण, शाळेतून येणारी तीन पोरं. दोन टनांच्या आसपासचं वजन. तिसऱ्या हाताला ती हलली, चौथ्याला ओंड्यावर चढली, आणि कोणीतरी जुन्या सवयीने ओरडलं, "सोडा!" सोडायला क्लच होता कुठे त्या गाडीत. ऑटोमॅटिक होती.

कोळ्यांनी २,००० रुपये घेतले. मी असते तर ५,००० सांगितले असते.

---

रात्री जेवताना भावाने रंगाचा विषय काढलाच. काळा-पिवळा, जसा होता तसा. पाहुण्यांनी उचलून धरलं. काकी वाढत होती. वाटीत कढी ओतता ओतता म्हणाली, "कशाला तो रंग?"

"अगं खराच आहे ना तो. खाली आहेच."

"खाली असू दे." मग भांडं खाली ठेवून ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "त्या रंगात मी बसले नाही कधी. तीनदा मुंबईला गेले, तीनदा दादरहून बसने गिरगावात गेले. म्हणायचे, धंद्याच्या टाइमाला घरचं माणूस घालून फिरवलं तर भाडं कोण देणार? मग म्हणाले, गावाला नेईन तेव्हा रंगवून नेईन, मग बस."

कोणी काही बोललं नाही. भावाने नंतर मला बाहेर गाठून विचारलं, "ताई, अर्धी क्रीम अर्धी पिवळी केली तर?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. बिचारा धंदा करतो, त्याचंही खरंच आहे.

पण शेड पाडून तिथे सात गाड्यांची सोय करायची होती, म्हणून फियाट पुढच्या अंगणात तरी आणायलाच लागणार होती. रविवारी सकाळी पुण्याच्या मुलांनी त्यांच्या छोट्या पंपाने चारही चाकांत हवा भरली. तीन चाकांनी धरली, चौथं हळूहळू बसत होतं. मीटर भावाने हौसेने आधीच बॉनेटच्या कडेला तारेने बांधून ठेवलं होतं. रंग नाही तर नाही, एवढं तरी. पट्टी पाडली, टिंग झालं. काकी पडवीतून बघत होती. तिने पदर खोचला, खाली आली आणि मागचं डावं दार उघडून आत जाऊन बसली. तीच तिची जागा.

"आई, तळाला भोक आहे," भाऊ म्हणाला.

"मी पाय वर घेते."

भाऊ स्टिअरिंगला. आम्ही आठ-नऊ जण मागे. काल ज्याची गाडी वाळूत रुतली होती तो सगळ्यात आधी येऊन उभा राहिला, बाह्या सारून. नऊशे किलोची ती, कालच्या मानाने करंजीएवढी. एका दमात निघाली. अंगणाच्या मध्यावर जमिनीला जो थोडा उतार आहे तो आम्ही कुणीच हिशेबात धरला नव्हता. हात सुटले. भावाने ब्रेक दाबला तर पाय थेट खालच्या पत्र्यापर्यंत गेला, ब्रेक ऑइल कधीच वाळलं होतं. गाडी आपली आपण, कुरकुरत, चिकूच्या झाडाला वळसा घालून गेली आणि पेंढ्याच्या उडवीत नाक खुपसून थांबली. कोंबड्या चहूकडे.

आम्ही धावत गेलो. काकी पाय सीटवर घेऊन, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसली होती. पेंढा काचेला चिकटलेला. तिने कंबरेची चंची काढली, गाठ सोडली आणि पुढे वाकून भावाला विचारलं, "किती झाले?"

भावाने मीटरकडे बघितलं. १.०० होतं. टॅरिफ कार्ड कुणाकडेच नव्हतं.